जुन्या नाण्यांचे भाव लासलगावच्या कांद्यासारखे छापा

मा. संपादक,
स. न.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी होती, घरात वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर तुम्ही लखपती वगैरे. आकडा कुठून आला तर म्हणे एका साइटवर एवढ्या किमतीला ते नाणं विकायला आहे. अहो विकायला ठेवलंय म्हणजे कोणीतरी घरबसल्या फोटो टाकला आणि खाली आकडा लिहिला, उद्या मी त्याच नाण्यापुढे पन्नास लाख लिहीन, लिहायला काय पैसे पडतात का. त्या किमतीला ते कोणी घेतलं का, पैसे खात्यात आले का, हे बातमीत कुठेच नव्हतं. माझी सगळी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे, पण तेवढं सांगायला जरा लांबण लागणारे, तेव्हा जागा असेल तर छापा, नसेल तर वाचून तरी घ्या.

हे नाणं २०१२ चं. श्री माता वैष्णोदेवी श्राइन बोर्डाचा रौप्यमहोत्सव म्हणून पाच आणि दहा रुपयांत निघालं आणि सरळ चलनात आलं, लोकांनी भाजीवाल्याकडे खर्च केलं, अजूनही क्वचित सुट्ट्यात हातात येतं. नाणेवाल्यांकडे ते दर्शनी किमतीपेक्षा थोडे जास्त पैसे दिले की मिळतं. लाख सोडा, हजाराचाही विषय नाही. तीच गत गेंड्याच्या पंचवीस पैशांची. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, आणि चलनातून गेलं म्हणजे दुर्मिळ झालं असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात घराघरात डबे भरून पडलीत ती. (पन्नास पैसे मात्र कायद्याने अजून चालू आहेत बरं का, दुकानदार घेत नाही तो भाग वेगळा. दहाच्या नाण्याचंही तेच झालं होतं, शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहा रुपयांच्या नाण्याची चौदाच्या चौदा डिझाइन्स खरी आहेत.)

अशी बातमी आली की आमच्यासारख्या नाणी गोळा करणाऱ्यांचे फोन सुरू होतात. त्यात मी नाशिक रोडचा, म्हणजे लोकांना वाटतं प्रेस तुमच्या दारात, तुम्हाला माहीत असणारच. इथे नोटा आणि स्टॅम्प छापतात हो, नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टाकसाळीत पडतात. असो. फोन आले तरी हरकत नाही, पण त्यातले काही जण आधीच कुणाला तरी पैसे देऊन बसलेले असतात. समोरचा म्हणतो तुमचं नाणं आम्ही तीन लाखाला घेतो, आधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार भरा, मग टॅक्सचे आठ हजार, मग रिझर्व्ह बँकेचं क्लिअरन्स, असं करत करत माणूस धुतला जातो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करून सांगितलं की जुनी नाणी, नोटा घेण्या-विकण्याशी आमचा काही संबंध नाही, आम्ही त्यासाठी कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला मागायला सांगितलंही नाही. ते पत्रक किती पेपरांनी छापलं आणि लखपतीच्या बातम्या किती वेळा छापल्या हे आपणच बघा.

आता मुद्दा. मग खरा भाव कळणार कुठे?

पूर्वी उत्तर सोपं होतं, जाड कॅटलॉग. अमेरिकेतून निघणारा तो फोनबुकसारखा ठोकळा, त्यातला केएम (क्राऊस-मिशलर, ज्यांनी तो काढला त्यांची नावं) नंबर आजही आम्ही नाण्याचं नाव म्हणून वापरतो. पण तिथे बसून आमच्या संस्थानी पैशाचा भाव ठरवणार म्हणजे अंदाजपंचे, आणि छापून येईपर्यंत तोही शिळा. दुसरा मार्ग डीलर. डीलरचं मी वाईट म्हणत नाही, दुकान चालवायचं तर स्वस्तात घेऊन महाग विकायलाच हवं, पण म्हणून त्याचा खरेदीचा आकडा एक आणि विक्रीचा दुसरा, आणि वडील गेल्यावर त्यांचा अल्बम घेऊन जो मुलगा दुकानात जातो त्याला पहिलाच ऐकवला जातो. तिसरा मार्ग लिलावाचे निकाल. ते चांगले, खरे व्यवहार असतात, फक्त हातोडा पडतो ती किंमत आणि घेणारा भरतो ती किंमत यात लिलाववाल्याचं कमिशन आणि जीएसटी असतो, आणि साधी नाणी तिथे जातच नाहीत.

राहिला चौथा मार्ग, सगळ्या संग्राहकांनी मिळून भाव सांगायचा. हे नवीन खूळ नाही, जगात चालू आहे. नुमिस्टा म्हणून कॅटलॉग आहे, जगभरची नाणेवाली मंडळी मिळूनच तो लिहितात, त्यात नाण्यापुढे ग्रेडप्रमाणे, म्हणजे नाणं किती झिजलंय त्याप्रमाणे, अंदाजे किंमत असते, ती सभासदांच्या अंदाजावर आणि ऑनलाइन झालेल्या विक्रीवर बेतलेली, आणि किती जणांकडे ते नाणं आहे यावरून शंभरपैकी दुर्मिळतेचा एक आकडाही. मला ही पद्धत मनापासून पटते. आणि तसं बघितलं तर आपल्याकडे पेशवाईत दुसरं काय होतं. अंकुशी रुपया, चांदोरी रुपया, हाली शिक्का, एकाच बाजारात चार टाकसाळींचे रुपये फिरायचे आणि कोणत्या रुपयाला किती बट्टा, म्हणजे किती कापायचं, हे पेठेतले सराफ ठरवायचे, पोतदार नाणं वाजवून पारखायचा. एका माणसाचा शब्द नव्हता तो, रोज शंभर हातांतून रुपये जायचे त्यातून बट्टा ठरायचा. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया केला, १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, एक तोळा, आणि ते सगळं हळूहळू मोडलं.

पण पाच-पन्नास जणांना विचारलं की खरा भाव निघतो असं जे कोणी म्हणत असेल त्याने एकदा नाण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावं. कोणीतरी ट्यूबलाइटखाली काढलेला हललेला फोटो टाकतो, 'भाव सांगा'. पहिला म्हणतो पाच हजार. झालं. आता पुढचे सगळे साडेचार नाहीतर सहा म्हणणार, दोनशे कोणी म्हणणार नाही कारण दोनशे म्हटलं तर आपल्याला कळत नाही असं दिसतं. वीस जणांनी भाव सांगितला असं वाटतं, सांगितलेला असतो एकानेच. त्यातही ज्याच्याकडे ते नाणं आधीच पाच-सहा आहेत तो चढवून सांगणार, ज्याला घ्यायचंय तो 'भाऊ कॉमन आहे, इनबॉक्स करा' म्हणणार. कोणी खोटारडा नसतो बरं का, माझ्याकडच्या नाण्याचं मलाही जरा जास्तच वाटतं. म्हणून अंदाज घ्यायचेच असतील तर गुपचूप घ्यावेत, एकाचा दुसऱ्याला दिसू नये, आणि प्रत्येकाला दोन आकडे विचारावेत, तू हे केवढ्याला घेशील आणि तुझ्याकडे असेल तर केवढ्याला देशील. या दोन आकड्यांत थोडंच अंतर असेल तर त्या माणसाला भाव माहितीये समजा, आणि घेईन पाचशेला, देईन आठ हजाराला म्हणत असेल तर त्याला माहीत नाही, त्याचा आकडा धरू नका.

आणि त्याहूनही बरं म्हणजे अंदाज विचारूच नयेत. शेवटचं केवढ्याला घेतलंस किंवा विकलंस तेवढं विचारावं, महिना आणि वर्षासकट.

इथे मला आमच्या जिल्ह्यातली गोष्ट सुचवायचीये, लासलगावचा कांदा. आपल्याच पेपरात रोज येतं, आवक इतके क्विंटल, किमान इतका, कमाल इतका, सर्वसाधारण इतका. उन्हाळ वेगळा, लाल वेगळा. शेतकऱ्याला माहीत असतं की कमाल भाव एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला असतो, आपण सर्वसाधारण बघायचा, आणि आवक किती ते बघायचं कारण दोनच गाड्यांचा भाव आणि दोन हजार गाड्यांचा भाव यात फरक आहे. आता विचार करा, उद्या कोणी एक गोणी कांद्यावर दहा लाखाची पाटी लावून बसला तर तुम्ही 'कांदा दहा लाखावर' अशी बातमी कराल का? नाण्याच्या बाबतीत तुम्ही नेमकं तेच करताय. नाण्यांचा भाव असा छापला तर बघा कसं दिसेल: नाणं अमुक, टाकसाळ अमुक, अवस्था अमुक, एवढे व्यवहार कळले, कमीत कमी एवढे, जास्तीत जास्त एवढे, मधला आकडा एवढा. सरासरी नको, मधला. समजा एका नाण्याचे सात व्यवहार आले, २००, २५०, २५०, ३००, ३००, ३५० आणि एक शहाणा ४०,०००, तर सरासरी काढली की जवळजवळ सहा हजार येते आणि त्या सहा हजाराला कोणी कुत्रं विचारत नाही. ओळीत लावून मधला उचला, ३००. तोच बाजार.

हे सोपं वाटतं पण खरी मारामारी पुढे आहे, ती म्हणजे 'अमुक नाणं' म्हणजे नक्की कोणतं. १८६२ चा राणीछाप रुपया घ्या. घरोघरी लक्ष्मीपूजनाला निघतो तो. त्यावर १८६२ लिहिलंय पण तो त्याच एका साली पडला असं नाही, पुढची कित्येक वर्षं तेच साल ठेवून रुपये पाडत राहिले आणि मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून, चित्राच्या फरकांवरून आम्ही त्याचे प्रकार वेगळे करतो. साधा प्रकार चांदीच्या भावापेक्षा थोडा वर जातो आणि एखादा प्रकार त्याच्या कित्येक पट. १८४० च्या रुपयात राणीच्या डोक्यावरची अक्षरं सलग आहेत की तुटक आहेत हे बघावं लागतं. आपल्या रोजच्या नाण्यांतही सालाखाली पत्त्यातल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी हैदराबाद, गोल ठिपका नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता, आणि एकाच साली एका टाकसाळीने भरपूर पाडली आणि दुसरीने कमी असं होतं. १९९० चा आंबेडकरांचा रुपया, १९९९ चे ज्ञानेश्वर माऊली, त्याच वर्षीचं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, २००२ चे तुकोबा, हे सगळे लोक जपून ठेवतात आणि ठेवावेतच, पण विकायला काढताना सालाखालचं चिन्ह भिंगाने बघा, मग भाव विचारा. सगळे प्रकार एकाच ओळीत कोंबून लोकांचे आकडे गोळा केले तर कमाल दुर्मिळ प्रकाराचा आणि किमान साध्याचा, आणि मधला कशाचाच नाही.

आणि शिवराई! यावर तर मी पानं भरीन. एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्र पति, तांब्याचा पैसा. लोकांना वाटतं शिवराई म्हणजे महाराजांच्या काळातलीच. पण महाराजांनंतरही, पेशवाईभर, अगदी इंग्रज आल्यावरही दख्खनमध्ये काही वर्षं शिवराई पडतच होती, गावोगावच्या टाकसाळीत, आणि अक्षरं पाडणाऱ्याला जशी येतील तशी, शिव कुठे सिव, पति कुठे पती, काही ठिकाणी अर्धं अक्षर नाण्याबाहेरच. दोन रेघांची दुदांडी शिवराई जुन्या बाजारात काही शे रुपयांत मिळते. ठिपक्यांची गोल किनार असलेली, वजनदार, ठसठशीत अक्षरांची सुरुवातीची शिवराई मिळणं मात्र वेगळी गोष्ट आणि तिचा भावही वेगळा. आता परदेशातल्या कॅटलॉगात, मग तो छापील असो नाहीतर सगळ्यांनी मिळून लिहिलेला, या प्रकारांचं बारीक वर्गीकरण कोण करणार, तिथल्या माणसाला मोडी-देवनागरीतला फरक माहीत असायचं कारण नाही. हे काम पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक, नागपूरच्या संग्राहकांनीच करायचंय. ते होत का नाही, तर प्रत्येकाला वाटतं आपल्याला कळलेला प्रकार दुसऱ्याला सांगितला तर जुन्या बाजारात तोच आधी उचलेल. खरंय तेही. पण मग लोक दुदांडीला शिवकालीन म्हणून दहा-दहा हजार मागतात तेव्हा तक्रार करू नये.

शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन ही पूर्ण वेगळी गोष्ट. तो इतका दुर्मिळ की वर्षानुवर्षं समोर येत नाही, आला तर मोठ्या लिलावात. अशा नाण्याला लोकांचे अंदाज गोळा करण्यात काहीही अर्थ नाही, ज्यांनी हातात धरला नाही ते काय सांगणार. जिथे आवक शून्य तिथे भावाची जागा कोरी सोडावी, कांद्याच्या तक्त्यातही बाजार बंद असला की डॅशच असतो.

आता अवस्था. नाण्याचा भाव त्याच्या अवस्थेवर इतका हलतो की बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल, तेच साल, तीच टाकसाळ, एक झिजलेलं आणि एक कोरं, दहापट फरक सहज. अमेरिकेत शेल्डन म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी पट्टी काढली, आणि गंमत म्हणजे ती पट्टी मुळात भावाचीच होती, सगळ्यात झिजलेल्याला एक तर सगळ्यात कोऱ्याला सत्तरपट किंमत असा हिशेब. किमतीचा तो हिशेब पुढे कधीच कोलमडला पण एक ते सत्तर आकडे राहिले आणि आज स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेड देऊन सील केलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत, बंद नाण्यावर तेच लिहिलेले असतात. आपल्याकडे लोक नाणं विकायच्या आधी चिंच आणि राखेनं घासून लखलखीत करतात, देवाच्या भांड्यांसारखं. कृपया हे करू नका!! घासलेलं नाणं नाणेवाला लांबूनच ओळखतो आणि भाव तिथेच पडतो. तुमच्या पेपरात एवढी एकच ओळ चौकटीत छापलीत तरी पुष्कळ लोकांचं नुकसान वाचेल. फोटोवरून अवस्था सांगणंही अवघड, प्रकाश तिरका टाकला की झिजलेलंही बरं दिसतं, म्हणून दहा जणांनी फोटो बघून दहा ग्रेड दिल्या तर त्यांचा दोष नाही.

आणि खोटं नाणं? तिथे तर गर्दी पार फसते. १९३९ चा पंचम नव्हे, सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मिळ आहे, त्यामुळे बाजारात खोटे १९३९ सुद्धा आहेत. फोटो टाकला की पन्नास जण भाव सांगतात, वजन केलंस का असं एखादाच विचारतो. आणि ते रामदरबारवाले पैसे, ईस्ट इंडिया कंपनी १८१८, वर यूकेएल वगैरे लिहिलेलं, एका बाजूला राम सीता हनुमान. कंपनी सरकारने असलं नाणं कधी पाडलंच नाही, ते देवळाबाहेर विकायचे टोकन आहेत, नंतर बनवलेले. पण त्याला लाखाचा भाव सांगणारे आणि तो भाव ऐकून आणखी वर जाणारे शेकड्याने सापडतात, वर तांदूळ ओढणारं नाणं म्हणून जे चालतं ती तर सरळ फसवणूक, पोलीस केसेस झाल्यात. हजार लोकांनी मिळून खोट्याला भाव लावला म्हणून ते खरं होत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की नाणं कोणतं आणि खरं की खोटं हे मतदानाने ठरवू नये, ते जाणकारांनी सांगावं. आमच्या इथे त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी उभी केलेली, तिथे नाण्यांचं म्युझियमही आहे, मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं म्युझियम आहे, शाळेच्या सहली तिकडे न्या. ओळख एकदा पक्की झाली की मग भाव आमच्यासारख्या घेणाऱ्या-देणाऱ्यांकडून घ्या.

चांदीच्या नाण्यांचं एक वेगळंच त्रांगडं आहे. चांदी वर गेली की दोन वर्षांपूर्वी लोकांनी लिहिलेला भाव रद्दी. म्हणून चांदीच्या रुपयाचा भाव लिहिताना रुपयांत लिहूच नये, आतल्या चांदीच्या वर किती मिळाले ते लिहावं. राणीछाप आणि पंचम जॉर्जच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, ५.८ ग्रॅमच्या आसपास, युद्धामुळे कमी केली. आणि १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाहीच, वाघ असलेला तो. आता घरातल्या आजीच्या बटव्यात हे तिन्ही एकत्र असतात आणि दुकानात 'चांदीचे रुपये' म्हणून एकाच भावात मोजले जातात, कधी घेणाऱ्याच्या फायद्याचं तर कधी देणाऱ्याच्या. साल बघा आणि त्या दिवसाचा चांदीचा भाव बघा, तळाचा आकडा तुमचा तुम्हालाच काढता येईल, त्याच्या खाली कोणी मागितलं तर उठून या.

आणखी एक, दुर्मिळ म्हणजे महाग हे डोक्यातून काढायला पाहिजे. लहान संस्थानांचे काही तांब्याचे पैसे, गोव्याची काही पोर्तुगीज नाणी, शोधायला गेलात तर वर्ष जाईल, आणि सापडली तर किरकोळ भावात, कारण मागणारे चार लोक. उलट १९११ चा रुपया बघा. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या पट्ट्यात हत्ती होता, त्याची सोंड आखूड दिसली आणि लोकांना ते डुक्कर वाटलं, ओरड झाली, बरेचसे रुपये परत वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट केला. राहिलेले १९११ चे रुपये काही अगदीच मिळत नाहीत असं नाही, पण गोष्ट अशी आहे की प्रत्येकाला आपल्या अल्बममध्ये एक पाहिजेच, म्हणून भाव आहे. लोकांकडून गोळा केलेला भाव म्हणजे लोकांना ते किती हवंय याचं माप, ते किती कमी आहे याचं नाही. कोणाकोणाकडे आहे याची नोंद वेगळी ठेवावी आणि भावाची वेगळी, दोन्ही एकमेकांत घालू नयेत.

परदेशातल्या किमतीही जपून वाचाव्यात. मुलगा अमेरिकेत असतो, त्याने बघितलं, तिथे हे नाणं दोनशे डॉलरला गेलं, असं खूपजण सांगतात. पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणजे तिथला भाव तिथल्या नाण्याला, तुमच्या कपाटातल्याला नाही. आणि शेतात हंडा सापडला तर त्याचा भाव तर विचारूच नका, १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये, हो, तेव्हाचे लिहिलेत ते तसेच आहेत.

तर संपादक महाराज, मागणी दोनच. एक, नाण्याच्या भावाची बातमी देताना बातमीदाराने विचारावं की हे मागितलेत की मिळालेत, आणि मिळाल्याची खात्री नसेल तर बातमी देऊ नये. दुसरी, रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा एक लहान चौकट द्या, पाच-सहाच नाणी, दर वेळी वेगळी, एखाद्या वेळी शिवराईचे प्रकार, एखाद्या वेळी राणीछाप, एखाद्या वेळी संतांचे रुपये. वाचकांनी पोस्टकार्डावर किंवा मेलवर आपले झालेले व्यवहार कळवायचे, नाव छापायचं नाही म्हणजे कोणाच्या घरात काय आहे ते चोराला कळायला नको, टाकसाळीचं चिन्ह, अवस्था, वजन आणि महिना लिहायचाच, नाही लिहिलं तर धरायचं नाही. पाचच्या आत व्यवहार आले तर भाव छापायचा नाही, आवक छापायची. पहिले काही महिने आवक शून्यच येईल, नाणेवाले हिशेब सांगत नाहीत, मलाही बायकोला न सांगितलेले दोन-चार आकडे आहेत, पण नाव नसेल तर देतील असं वाटतं. चौकट लावायला, चिन्हं तपासायला माणूस नसेल तर आमच्याकडची दोन-तीन जाणकार मंडळी फुकट येतील, चहा मात्र द्यावा लागेल.

आणि वैष्णोदेवीच्या नाण्याची ती बातमी वाचून कोणी लाखाला घ्यायला तयार असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा, माझ्याकडे पाच रुपयांची आणि दहाची दोन्ही आहेत, चलनातून उचललेली, मी पन्नास हजारातही देतो.

आपला नियमित वाचक,
एक नाणेसंग्राहक, नाशिक रोड